चालकाचा शेरा

चढ सुरू व्हायच्या आधीच बसकाकांचा डावा हात गिअरवरून उठला. त्यांनी एसी बंद केला, शेजारचे गोल बटण निळ्या टोकाकडून लाल टोकापर्यंत फिरवले आणि पंखा सगळ्यात वरच्या वेगावर नेला. शेजारी बसलेल्या मेकॅनिकच्या तोंडावर गरम हवेचा झोत आला. बाहेर अकराचे ऊन रणरणत होते, आणि गाडीच्या आत हीटर सुरू झाला होता.

"बघितलंत ना, ताई?" मागच्या सीटवरून काकांची मुलगी म्हणाली. "हेच. रोज हेच चालतं. बाबा, बंद करा ना ते!"

बसकाकांची नजर रस्त्यावरून हलली नाही. मेकॅनिकने मागे वळून ओठांवर बोट ठेवले. मुलीने तोंड बंद केले आणि काच खाली घेतली.

मेकॅनिकचा हा नेम होता. गाडीतले थंड-गरम बिघडले की माणसे तिच्याकडे येत, आणि ती बॉनेटला हात लावण्याआधी शेजारच्या सीटवर बसत असे. गाडी ज्याची, त्याने चालवायची. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीसारखी. वाटेत कुणी बोलायचे नाही. घाईच्या गिऱ्हाइकांना हे थेर वाटत. ती त्यांना सरळ दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देई. नळ्या नुसत्या चिमटीत धरून ती त्यांचे तापमान सांगायची, म्हणून गल्लीने तिचे नाव थर्मामीटर ठेवले होते. तोंडावर मात्र सगळे ताईच म्हणत.

चढ संपला. टेकाडाच्या माथ्यावर, पाण्याच्या टाकीपाशी रस्ता सपाट झाला, तसा काकांनी हीटर बंद केला. कुणी सांगितले नव्हते. मेकॅनिकने ते पाहिले. मग तिने समोरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिले. काटा अगदी तळाशी होता. गाडी आत्ताच सुरू केली असावी इतका खाली, आणि त्यांना निघून वीस मिनिटे झाली होती. तिने कान दिला. बॉनेटखालचा पंखा क्षणभरही थांबत नव्हता.

परत आल्यावर तिने गाडी छपराखाली घ्यायला लावली आणि मुलीला बाहेरच्या बाकावर बसवले. मुलीने ऑफिसातून रजा टाकली होती, आणि ती रजा सत्कारणी लावल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हते.

"ताई, मी सरळच सांगते. बाबा रोज माझ्या मुलीला शाळेत सोडतात, आणतात. महिन्यापूर्वी एकदा ती घरी आली ती घामानं निथळत. चेहरा लालबुंद. म्हटलं, काय झालं? तर म्हणते, आजोबांनी हीटर लावला होता. का लावला? तर आजोबा म्हणतात, गाडीला घाम आलाय, तो आपण वाटून घेऊ." तिने कपाळावर हात मारला. "माझ्या नवऱ्यानं ऐकलं आणि तो हबकलाच. त्याचं म्हणणं, बाबांचं आता डोकं ठिकाणावर राहत नाही. येत्या रविवारी किल्ली काढून घ्यायची. दोन गॅरेजं झाली. एकानं एसीचा गॅस भरला, एकानं बटण बदललं. दोघं म्हणाले, गाडीत काही दोष नाही."

"आणि तुमचं म्हणणं काय?"

मुलीने छपराखालच्या गाडीकडे पाहिले.

"बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून दुसऱ्यांची पोरं सोडली हो त्यांनी," ती म्हणाली. "एका पोराला खरचटलं नाही. आता स्वतःच्या नातीला सोडायचं नाही, हे त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"जा घरी," मेकॅनिक म्हणाली. "काकांना राहू दे इथे. चारला या."

मुलगी गेल्यावर तिने बॉनेट उघडले, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. आधी वरची जाड नळी चिमटीत धरली आणि झटकन सोडली. मग खालची धरली. ती कोमट होती. निवांत धरून ठेवता आली. बसकाका स्टुलावर बसून तिचा चेहरा वाचत होते.

"वरून उकळतं जातंय आणि खालून काही येतच नाहीये," ती म्हणाली.

"तुंबलाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वासावरून. गोडसर वास येतो तापला की. आणि तो पंखा. थांबायचं नाव नाही." काकांनी रुमाल काढून मान पुसली. "हीटर लावला की तेवढीच उष्णता आत येते, इंजिनाला जरा उसंत. आमच्या जुन्या बसला चढावर हेच करायचो. पोरं ओरडायची, काका, भट्टी झाली! मी म्हणायचो, अरे, तिला घाम आलाय, थोडा थोडा वाटून घेऊ. लगेच गप्प. पोरांना वाटून घ्यायला आवडतं."

मेकॅनिकला हसू आले, आणि पाठोपाठ रागही आला. राग कुणाचा ते तिला नीट कळले नाही.

"मग घरी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. पहिल्या गॅरेजवाल्यालाच सांगितलं. त्यानं जावयाला बोलावून काटा दाखवला. हे बघा, म्हणाला, काटा तळाला, इंजिन थंडगार. जावयानं काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं." काकांनी रुमालाची घडी घातली. "पुढं कुणी विचारलं नाही. सगळे सांगतच होते, बंद करा, बंद करा."

तिने काट्याकडे जाणारी वायर शोधली. सेन्सरजवळ ती गंजून तुटली होती. काटा कधीपासून मेला होता कुणास ठाऊक, आणि घरादाराने त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवला होता.

नवा रेडिएटर यायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात तिने चहा केला. काका म्हणाले, साखर नको. तिने बिनसाखरेचा दिला. अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले, "साखर घालायची विसरलीस वाटतं." तिने हसून चमचाभर घातली. म्हातारी माणसे गोडाच्या बाबतीत अशी लबाडी करतात, हे तिला घरच्या अनुभवाने माहीत होते.

जुना रेडिएटर निघाला तेव्हा काकांनी तो उपडा करून पाहिला. आतून पिवळट खरपुड्या पडल्या. ते त्याच्याकडे बराच वेळ समाधानाने बघत राहिले. तिच्या हाताखाली ते न सांगता बॅटरी धरत होते, आणि प्रकाश बरोबर तिथेच पडत होता. कामाच्या भरात ते बसबद्दल बोलत राहिले. बस एक आणि चालक दोन, सकाळच्या शाळेला हे आणि दुपारच्या शाळेला दुसरा. सीटखाली एक रजिस्टर असायचे. फेरी संपली की त्यात लिहायचे, चालकाचा शेरा. ब्रेक सैल आहे, डावा आरसा हलतो, तिसरा गिअर अडकतो. दुसऱ्याने तो शेरा वाचूनच किल्ली फिरवायची.

"एकदा मी लिहिलं नाही," काका म्हणाले. "वायपर अडकत होता. घरी जायची घाई. म्हटलं, उद्या बघू. दुपारी पावसानं झोडपलं, आणि त्याला चाळीस पोरं घेऊन रस्ता दिसेना. कुणाला लागलं नाही. पण संध्याकाळी तो माझ्या घरी आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, तुला माहीत होतं ना?"

"मग?"

"मग काय. त्यानंतर एकही दिवस शेरा चुकवला नाही. काही नसलं तरी लिहायचो, काही नाही म्हणून."

पावणेचारला गाडी तयार झाली. मुलगी वेळेआधीच आली होती. मेकॅनिकने तिला जुना रेडिएटर दाखवला, तुटलेली वायर दाखवली आणि सांगितले, "काकांनी हीटर लावला नसता तर हे इंजिन महिन्यापूर्वीच बसलं असतं. तुमची गाडी त्यांनी वाचवली."

मुलीचा जीव भांड्यात पडला. ती वडिलांकडे वळली, काहीतरी बोलायला गेली आणि शेवटी तिने त्यांच्या शर्टाला लागलेला काळा डागच पुसला. डाग आणखी पसरला.

"राहू दे गं," काका म्हणाले. त्यांचे डोळे हसत होते.

"मी आधी ह्याला फोन करते," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. पत्र्याच्या भिंतीतून तिचा चढलेला आवाज बाहेर येत होता.

दुरुस्तीनंतरची फेरी फक्त चालक आणि मेकॅनिक अशी दोघांचीच असे. तोच रस्ता, तोच चढ, दोन वेळा. काकांनी गाडी बाहेर काढली. काटा आता जिवंत झाला होता. हळूहळू मध्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. एसीची हवा गार येत होती. मागच्या सीटवर नातीची पाण्याची बाटली वळणावर इकडून तिकडे लोळत होती.

चढाच्या तोंडाशी काकांचा हात उठला आणि बटण लाल टोकाला गेले.

"काका, आता गरज नाही."

"अरेच्चा!" त्यांनी जीभ चावली आणि बटण परत फिरवले. "हाताला सवय लागलीय."

"लागणारच. महिनाभर तेच केलंत."

टाकीपाशी वळून ते खाली आले आणि पुन्हा चढाला लागले. काका खुशीत होते. "बघ, काटा कसा शहाण्यासारखा बसलाय," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या हाताने एसी बंद केला, बटण लाल टोकाला नेले, पंखा वाढवला. गरम हवा अंगावर आली. मेकॅनिक काही बोलणार होती, पण या वेळी तिच्या नेमाने तिला अडवले. तिने मुकाट्याने समोर पाहिले. निम्मा चढ झाला. काकांनी रुमालाने कपाळ पुसले.

"एवढं सगळं केलंस," ते म्हणाले, "पण एसी काही गार होत नाहीये गं."

ती समोरच बघत राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिले. मग ती जिकडे बघत नव्हती तिकडे, बटणाकडे पाहिले.

त्यांनी गाडी कडेला घेतली. घेण्याआधी आरसा पाहिला, सिग्नल दिला, हँडब्रेक ओढला. सगळे एखाद्या परीक्षेत करून दाखवावे तसे अचूक. मग बटण निळ्या टोकाला नेले आणि हात मांडीवर ठेवला. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"हे मी केलं?"

"हो, काका."

"आत्ता?"

"हो."

एक दुधाची गाडी शेजारून घरघरत वर गेली.

"हे बटण आतून सुटं करता येतं का?" काकांनी विचारले. "म्हणजे फिरेल, पण गरम हवा येणार नाही, असं."

"येतं. दहा मिनिटांचं काम."

"मग कर की, पोरी. फिरवलं तरी कुणाला त्रास नाही. कुणाला कळायचं कारण नाही."

मेकॅनिकला वाटले, करून टाकावे. दहाच मिनिटे. या माणसाने दिवसभर तिच्यासाठी बॅटरी धरली होती, आणि तिकडे गॅरेजात एक मुलगी फोनवर त्याच्या वतीने भांडत होती. तिला त्यांची फार दया आली, आणि दया आली की आपला हात चुकतो हेही तिला ठाऊक होते.

"करते," ती म्हणाली. "पण मी जे करते ते कार्डावर लिहिते, काका. माझ्या गॅरेजातून गाडी त्याशिवाय बाहेर जात नाही."

"सगळं?"

"सगळं. तुमच्या रजिस्टरासारखं."

काका पुढच्या काचेतून चढाकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"नको मग," ते म्हणाले. "राहू दे आहे तसं."

परत येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गिअर बदलला की डावा हात लगेच परत जागेवर.

मेकॅनिकने पुठ्ठ्याचे कार्ड बॉनेटवर ठेवून लिहायला घेतले. काय सापडले: रेडिएटर तुंबलेला, तापमानाची वायर तुटलेली. काय केले: दोन्ही बदलले. काय करून पाहिले: चढ दोनदा, काटा मध्यावर, एसी गार. ती थांबली. तिचा नेम गाडीपुरता होता. चालकाबद्दल तिने कधी काही लिहिले नव्हते. शेवटी तिने एक ओळ घातली, जी खरीच होती: रेडिएटर तुंबलेला असताना हीटर लावणे हाच योग्य उपाय होता.

मुलीने ते कार्ड मोठ्याने वाचले. तिने मोबाइल काढला, कार्डाचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथे नवऱ्याला पाठवून दिला.

"घे म्हणावं," ती म्हणाली. "आता बोल म्हणावं. बाबा, उद्यापासून तुम्हीच सोडायचं तिला. किल्लीचा विषय संपला."

बसकाका तिच्याकडे बघत होते. फोटो गेला होता. विषय खरोखरच संपला होता. मेकॅनिक हात पुसत उभी होती, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघणार नव्हता, हे त्यांना तिच्याकडे न बघताही कळत होते.

"दे इकडं ते कार्ड," ते म्हणाले. "आणि पेन."

मेकॅनिकने पेन दिले. काकांनी खिशातून चष्मा काढला, काचा पुसल्या, कार्ड बॉनेटवर ठेवले आणि उरलेल्या जागेत लिहू लागले. अक्षर लहान, सरळ, एका रेषेत. त्यांनी घाई केली नाही. लिहून झाल्यावर घड्याळात बघून वेळ टाकली, तारीख टाकली. मग कार्ड मुलीच्या हातात दिले, किल्लीही त्याच हातात दिली आणि मागचे दार उघडून नातीच्या जागी बसले. सीटवरची पाण्याची बाटली त्यांनी मांडीवर घेतली.

मुलीने वाचले.

चालकाचा शेरा: गाडी उत्तम. दुसऱ्या चढाला चालकाने हीटर लावला. गरज नव्हती. लावल्याचे चालकाला कळले नाही. पुढील चालकाने नोंद घ्यावी.

तिने ते पुन्हा एकदा वाचले. हातातला मोबाइल थरथरला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने मेकॅनिककडे पाहिले. मेकॅनिकने मान हलवली, अगदी थोडी.

मुलगी गाडीच्या पुढच्या दाराशी आली. दाराला हात लावून ती क्षणभर उभी राहिली, मग चालकाच्या जागेवर बसली. तिच्या पायांना पेडल लांब पडत होते.

"उद्या सव्वासातला तयार राहा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा यावा म्हणून तिने घसा खाकरला होता. "मी चालवीन. तुम्ही मागे, तिच्याशेजारी बसा. एकटी बसली की ती बेल्ट काढते."

"काढते," काका म्हणाले. "मला माहीत आहे."

तिने सीट पुढे ओढून घेतली.

"आरसाही लाव," मागून काका म्हणाले. "माझ्या उंचीला लावलाय तो."